डॉक्टरांकडे जाण्याआधीची गोळी

बाळांनो, तुमच्यातल्या धाकटीलाही आजोबांचाच मोठ्या आतड्याच्या सुजेचा आजार निघाला, असं काल फोनवर कळलं. म्हणून हे आताच लिहिते.

नव्वदच्या सुमाराला पनवेलला आजोबांचं पोट पुन्हा बिघडलं. नुसती सूज असेल तर स्टेरॉइड वाढवायचं. जंतुसंसर्ग असेल तर तेच जिवावर बेतायचं. डॉक्टरांनी रक्त तपासलं. त्यातला ईएसआरचा आकडा वाढलेला, पण तो सुजेनेही वाढतो. पांढऱ्या पेशी वाढलेल्या, पण त्या स्टेरॉइडनेही वाढतात. सीआरपी नावाच्या तपासणीसाठी रक्त मुंबईला पाठवलं, तर तो आकडाही वाढलेला, आणि तोही नुसत्या सुजेने वाढतो! मग रक्त काढता तरी कशाला, असं मला झालं.

"ताप येतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

"छे!" आजोबा म्हणाले.

"अहो, सकाळी थर्मामीटर एकशे दोन दाखवत होता, हुडहुडी भरली होती! निघताना तापाची गोळी घेतलीत ना?" मी म्हणाले.

"मग काय डॉक्टरांसमोर कण्हत बसू?"

"नाहीतर कोणासमोर, न्हाव्यासमोर?" डॉक्टर वैतागले.

हुडहुडी भरून इतका ताप म्हणजे जंतुसंसर्गाचा संशय, म्हणून त्यांनी स्टेरॉइड वाढवलं नाही. शौच तपासायला पाठवलं आणि त्यात जंतू सापडले. औषध बदललं, आजोबा उठले. गोळी घेऊन दवाखान्यात जायची सवय मात्र गेली नाही.

तो थर्मामीटर माझ्या कपाटात आहे आणि अजून ताप बरोबर दाखवतो; धाकटीने गोळी घेण्याआधी तो लावावा.