आधीच्या दळणाचं पीठ

थंडी सरत आली होती आणि पहाटेपासून वारा घराकडून रस्त्याकडे वाहत होता. एरवी वारा कुठून कुठे जातो याच्याशी गिरणीवालीला काही देणंघेणं नसे. आज मात्र दिवा लावायच्या आधी ती दारात उभी राहिली, मूठभर कोंडा हवेत उडवून पाहिला, आणि तो रस्त्याच्या अंगाला गेला तशी "चला, वारा तरी आपल्या बाजूचा आहे" असं म्हणून आत वळली.

पुढे गिरणी, मागे घर, मधे एक दार. नवरा गेला तेव्हापासून बावीस वर्षं गिरणी ती एकटीच चालवत होती आणि मधलं दार तेव्हापासून उघडंच होतं. घड्याळावर पीठ, रेडिओवर पीठ, उशीच्या शिवणीत पीठ. पोस्टमन म्हणायचा, "बाई, तुम्ही म्हाताऱ्या झालात तरी आम्हाला कळायचं नाही. केस आधीपासूनच पांढरे!" ती म्हणायची, "तुझे काळे आहेत, पण खाली काय आहे ते पत्रांवरून कळतंच." तिची चुकीच्या घरात पडलेली पत्रं हा दोघांतला जुना वाद होता.

गेले चार दिवस मात्र मधलं दार बंद होतं. पडदे दोनदा धुऊन झाले होते, मागची खोली छतापासून पुसून झाली होती. ताई येणार होती.

ताई तिच्याहून चार वर्षांनी मोठी. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, आणि त्याच्याच तपासण्यांत डॉक्टरांना भलतंच सापडलं. बाईंना गहू चालत नाही. थोडा कमी करा असंही नाही, कणभरसुद्धा नाही. तीस वर्षं ताईचं पोट दुखत होतं आणि तीस वर्षं घरादाराने त्याला नखरे म्हटलं होतं. सगळ्यांत पुढे गिरणीवाली. "माझी बहीण असून पावाला नाक मुरडते!" हे ती चारचौघांत म्हणाली होती, एकदा नाही, अनेकदा. आता ते आठवलं की कानशिलं तापायची.

ताईचा मुलगा तिसऱ्या मजल्यावर राहायचा, लिफ्ट नाही. तो आणि सून आठला कामावर जायचे, ताई संध्याकाळपर्यंत भिंती मोजत बसायची. फोनवर ती म्हणाली होती, "तुझ्याकडे मागे खोली आहे, अंगण आहे, काठी टेकत चार पावलं टाकीन. पण तुझ्याकडची हवासुद्धा गव्हाची गं." शेवटी ठरलं ते असं, की आठ दिवस राहून बघायचं. पोट एकदा जरी दुखलं तर सून येऊन घेऊन जाणार, आणि मग पुन्हा विषय काढायचा नाही.

"आणखी एक," ताई म्हणाली होती. "तीन महिने झाले. मऊ भात, मऊ बटाटा, मऊ केळं. तोंडात दात आहेत हेच विसरले. सकाळी दुधात टाकून कुडुमकुडुम चावता येईल असं काही करशील?"

"बास? एवढंच?" गिरणीवाली म्हणाली होती. आणि मग पंधरा दिवस त्या एवढ्याशासाठी तिने ओव्हनसमोर घालवले. नाचणीचं पीठ, भिजवून कुटलेला खजूर, तेल, मीठ, चिमूटभर दालचिनी. पहिल्या वेळी जे झालं त्याने खिळा ठोकता आला असता. दुसऱ्या वेळचं दुधात पडल्या पडल्या विरघळलं. तिसऱ्यांदा तिला मेख कळली. पीठ आधी मंद आचेवर खमंग वास सुटेतो भाजायचं. तेल चोळून, पाणी अगदी बेताचं घालून, दोन कागदांत धरून पातळ लाटायचं. अर्धवट भाजलं की बाहेर काढून नखाएवढे तुकडे करायचे आणि पुन्हा अगदी हलक्या आचेवर वाळेपर्यंत ठेवायचं. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीला हात लावायचा नाही, नाहीतर वाफ धरते.

पीठ अर्थातच तिचंच. बाजारातून पीठ आणायचं तिच्या मनातही आलं नाही. सुताराच्या घरी खुर्ची विकत आणतात का?

तिच्या दळणाला नाव होतं. एक धान्य संपून दुसरं घ्यायचं असलं की ती दगड कुंचल्याने झाडायची, मग नव्या धान्याच्या दोन मुठी दळून ते पीठ कोंबड्यांच्या डब्यात टाकायची. त्यानंतर गिऱ्हाइकाचं दळण. सासऱ्यांनी घालून दिलेली रीत होती. आज पहाटे तिने ती रीत दुप्पट पाळली. दगड उचलून झाडले, दोनऐवजी चार मुठी कोंबड्यांना दिल्या, मग ताईसाठी दोन किलो नाचणी दळून काढली. साडेसात वाजता पुस्तकं बांधणारा बाइंडर तांदूळ घेऊन आला, त्याला कागद चिकटवायच्या खळीसाठी पीठ हवं होतं. तेही नेहमीच्या रीतीने दळून दिलं, गिरणी बंद केली, नळाखाली डोकं धुतलं, कपडे बदलले आणि ओव्हनपाशी गेली.

दहाच्या सुमाराला सून ताईला घेऊन मागच्या फाटकाने आली. ताईच्या हातात काठी, सुनेच्या दोन्ही हातांत पिशव्या. पिशव्या उघडल्या तर त्यांतून कपडे कमी आणि भांडीच जास्त निघाली. ताट, वाटी, चमचा, कढई, कोरी चाळण आणि खोक्यातला एक छोटा मिक्सर.

"हे काय?" गिरणीवाली म्हणाली. "माझ्याकडे भांडी नाहीत?"

"आहेत, पण त्यांत गहू आहे."

"घासलीत मी. दोनदा."

"मावशी, राग मानू नका," सून म्हणाली. "डॉक्टरच म्हणाले."

"मी कशाला राग मानू? लोक हॉटेलात गाद्या घेऊन जातात, तुम्ही माझ्याकडे मिक्सर घेऊन या. गिरणीवालीच्या घरी मिक्सर!"

"नाकावरचा राग अजून तसाच आहे हिचा," ताई सुनेला म्हणाली. "तू जा. संध्याकाळी फोन कर."

सून गेली. गिरणीवालीने मिक्सर खोक्यासकट कपाटावर ठेवला, भिंतीकडे तोंड करून, आणि टेबलावर बरणी आणून आपटली. आत तांबूस तपकिरी तुकडे गळ्यापर्यंत भरले होते. ताईने बरणी हलवली. खडखड आवाज आला आणि तिचा चेहरा लहान मुलीसारखा झाला.

"वाजतंय गं!"

"मग? दूध गरम करू की गार?"

"गारच. माझ्याच वाटीत." ताईने वाटी भरली. तेवढ्यात पुढच्या दारावर थाप पडली. गिरणीवाली मधलं दार ओढून घेत गिरणीत गेली.

बाइंडर होता. त्याच्या हातात पातेलं होतं आणि काखेत तांदळाच्या पिठाची पिशवी.

"बाई, चौदा वर्षं तुमच्याकडून दळण नेतो. कधी तक्रार केली?"

"काय झालं?"

"खळ शिजवली." त्याने पातेलं पुढे केलं. "हा रंग बघा. पांढऱ्या कागदाला लावली तर वाटेल पुस्तक चहात पडलं होतं."

तिने बोट बुडवलं. खळ फिकट तांबूस होती, बारीक ठिपके पडलेली. "तांदूळच तसे असतील."

"तांदूळ होते कवडीसारखे. हे तुमचं काहीतरी आधीचं आलंय."

आधीचं म्हणजे नाचणी. दगड झाडले होते, दोन मुठी काढल्या होत्या, तरी नाचणी तांदळात आली होती. एरवी गव्हानंतर तांदूळ, तांदळानंतर ज्वारी, सगळं पांढऱ्यात पांढरं. कुणाला काय दिसणार? आज पहिल्यांदा रंगाने चुगली केली होती. पीठ खाली पडतं ती कापडी नळी तिने बोटांनी उलटी केली. आतल्या शिवणीत वर्षानुवर्षांचं पीठ खरवडीसारखं बसलं होतं. दोन मुठींनी नाचणी गेली नाही. मग चार मुठींनी कालचा गहू कसा गेला असेल?

बाइंडर काहीतरी बोलत होता. तिला ऐकू येत नव्हतं. तुकडे छान झाले होते, पंधरा दिवसांत सगळ्यांत छान. चिमूटभर असेल गहू, बरणीभरात तेवढाही नसेल. दुखलं तरी ताई म्हणेल प्रवासाने दुखलं. सांगितलं तर संध्याकाळी सुनेचा फोन आणि रात्रीच्या आत मागची खोली रिकामी. हे सगळं एका श्वासात तिच्या डोक्यातून गेलं आणि पुढच्या श्वासाला ती मधल्या दारात होती.

"ताई, थांब! तोंडात घालू नकोस!"

चमचा ताईच्या ओठांपाशी होता. "का गं? विष घातलंस की काय?"

"तुझ्यापुरतं तेच. त्यात गहू आहे."

ताईने चमचा वाटीत ठेवला. गिरणीवाली उंबऱ्याच्या अलीकडेच उभी राहिली, पिठाच्या हातांनी आत जाववेना. तिथूनच तिने सगळं सांगितलं, मुठी, नळी, बाइंडरची खळ. सांगताना तिचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता, जणू चूक ताईचीच.

"म्हणजे आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," ताई म्हणाली.

"म्हण काहीही. सुनेला फोन लावू?"

"आजवर किती जणांच्या घरी जेवले मी," ताई वाटीकडे बघत म्हणाली. "चिमूटभराने काय होतंय, खा. सगळे हेच म्हणायचे. तू तर सगळ्यांत मोठ्याने म्हणायचीस."

"म्हणायचे."

"आज वाटी काढून घेतलीस ना?"

"घेतली नाही अजून. हात भरलेत माझे."

ताई हसली, आणि हसता हसता तिने वाटी दूर सारली. "फोन नको लावू. नाचणी आहे का शिल्लक? न दळलेली?"

"किलोभर. नव्या डब्यात, खोलीतच."

"मग मिक्सरचं तोंड भिंतीकडून इकडे कर. त्याने तुझं काय घोडं मारलंय?"

बाइंडरला तिने स्वतःच्या डब्यातले चांगले तांदूळ दिले. "उद्या या. आज गिरणीला हात लावत नाही," असं म्हणून त्याला वाटेला लावलं आणि पुन्हा डोक्यावरून पाणी घेतलं. मग दोघी टेबलाशी बसल्या. ताईचा पाय स्टुलावर. मिक्सरमध्ये एका वेळी अर्धी वाटी मावायची. फिरवा, थांबा, चाळा, उरलेलं पुन्हा घाला. पाचव्या घाण्याला गिरणीवालीचा जीव कासावीस झाला.

"तुझ्या गिरणीत दोन मिनिटांचं काम," ताई म्हणाली.

"गिरणीचं नाव काढू नकोस."

"चाळ नीट. दळणवाली म्हणवतेस आणि हात बघ कसा आखडतोय."

ओव्हन आणि त्याचा ट्रे ताईने बाद केला होता. सगळं तिच्या कढईत, मंद आचेवर. चार वाजता जेमतेम दोन वाट्या तुकडे झाले, कडा जरा जास्तच काळपट. पाचला सुनेचा फोन आला. गिरणीवाली कान देऊन उभी राहिली.

"पोट? पोट ठीक आहे गं," ताई म्हणाली. "खाल्लंच नाही काही, तर दुखेल काय? सकाळपासून राबवून घेतेय ही मला... नाही, नको येऊस. आठ दिवसांचं बोललोय ना आपण? आज पहिलाच आहे."

गिरणीवालीने पहिल्या बरणीतले तुकडे कोंबड्यांच्या डब्यात ओतले. मग दाराबाहेरच्या खुंटीवरचे गिरणीचे कपडे अंगावर चढवले. आता ते कायम तिथेच, घराच्या बाहेर राहणार होते. पुढे कापडी नळी काढून बादलीत भिजत पडली होती. तिच्या जागी बसवायला नवी शिवायची होती. जाडं कापड, सुई आणि दोरा घेऊन ती पुढच्या पायरीवर उजेडाला बसली.

मागून, बंद दाराआडून, कुडुम असा आवाज आला. मग आणखी एक.

"कसे झालेत?" तिने ओरडून विचारलं.

"जरा करपलेत!" ताई ओरडली आणि पुन्हा चावू लागली.

गिरणीवालीने सुई उजेडात धरली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि तिसऱ्या खेपेला ते नेढ्यात गेलं. या वेळी शिवण तिने बाहेरच्या बाजूने घातली, म्हणजे आत पीठ साठायला जागा राहणार नाही.