करवतीच्या गुळण्या

"मंगळवार, १४ मार्च. सकाळी ऊन, दुपारून ढग. दूध दीड लिटर. धोब्याकडून उशांचे चार अभ्रे आले, एकावरचा डाग तसाच. भाऊजींनी अकरा वाजून दहा मिनिटांनी मागच्या खोलीत यंत्र सुरू केले. बारा मिनिटे शिट्टीसारखे किंचाळले. कपड्यांची दोरी पुन्हा वीतभर आखूड. विचारले तर म्हणाले, उन्हाने आकसली असेल. संध्याकाळी झाडंवाली आली. तिची मोठी करवत जळाली. भाऊजी जेवले नाहीत."

वहिनींनी वही मिटली आणि परत उघडून शेवटचे वाक्य वाचले. एकावन्न वर्षांच्या वह्यांत भाऊजींचे सर्दीपडसे होते, आणि शिडीवरून पडून मोडलेला हातही होता. पण त्या हाताच्या दिवशीसुद्धा ते डाव्या हाताने जेवले होते.

भाऊजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. लग्न केले नाही. तीस वर्षे शिलाई मशिनी दुरुस्त केल्या आणि थोरला भाऊ गेल्यावर वहिनी एकट्या पडल्या म्हणून हातातली पेटी घेऊन मागच्या खोलीत राहायला आले. पेटीत दोन शर्ट आणि बाकी सगळ्या कानशी. आल्यावर महिनाभर त्यांना करमेना. मग शेजाऱ्याची चेनसॉ, म्हणजे यंत्राची करवत, सुरू होत नाही म्हणून त्यांनी ती सहज उघडली, आणि तिथून त्यांना जे वेड लागले ते लागलेच.

"वहिनी, हिचा गळा आवळून ठेवलाय हो," ते सायलेन्सर हातात घेऊन म्हणाले होते. "आवाज कमी यावा म्हणून एवढंसं भोक. धूर बाहेर पडणार कसा आणि हिला जोर येणार कसा?"

"आवाज कमी येतो ते बरंच आहे की," वहिनी म्हणाल्या होत्या.

त्यांचे कोणी ऐकले नाही. भाऊजींनी गोल कानशीने ते भोक मोठे केले. सिलेंडरखालचे कागदाएवढे पॅकिंग काढून टाकले, म्हणजे सिलेंडर केसभर खाली बसतो आणि आतला दाब वाढतो. मात्र मग पिस्टन वर जाऊन सिलेंडरच्या डोक्याला आपटता कामा नये. म्हणून ते आत सोल्डरची मऊ तार सरकवत, यंत्र हाताने फिरवत आणि चपटी झालेली तार मोजत. नट सोडवताना पिस्टन जागचा हलू नये म्हणून प्लगच्या भोकातून दोरी कोंबावी लागे. ती कुठली दोरी, हा प्रश्न वहिनींनी वहीत पहिल्यांदा नोंदवला त्याला आता नऊ वर्षे झाली होती. दोरी ऋतूप्रमाणे आकसते हे भाऊजींचे उत्तरही तेवढेच जुने होते.

शेजाऱ्याची ती करवत नव्यापेक्षा दीडपट वेगाने कापू लागली. बातमी पसरली. मागच्या फाटकावर पाटी लागली: "चेनसॉ दुरुस्ती व सुधारणा". लाकूडवाले, बागवाले, रस्त्यावरची झाडे कापणारे असे सगळे येऊ लागले आणि सगळे भाऊजींना मिस्त्री म्हणू लागले. मिस्त्री हा शब्द ऐकला की भाऊजी अर्धा इंच उंच होत.

झाडे उतरवण्याची कामे घेणारी झाडंवाली त्यांची सगळ्यात जुनी गिऱ्हाईक. दाराची चौकट भरून टाकणारी बाई, आवाज त्याहून मोठा. मंगळवारी संध्याकाळी ती आली ती सरळ स्वयंपाकघरात, आणि जळालेला पिस्टन तिने वहिनींच्या टेबलावर बशीत ठेवला. चकचकीत असायला हवा तो एका अंगाने मांजराने ओरबाडल्यासारखा झाला होता.

"मिस्त्री, तुमची ठेव तुम्हाला परत. अर्धा तास चालली आणि बसली."

भाऊजींनी पिस्टन उजेडात धरला.

"मी भांडायला नाही आले हं," झाडंवाली म्हणाली. "भांडायला आले असते तर चालू करवत घेऊन आले असते. पण माझी मेली तीच एक मोठी करवत. शनिवारी शाळेच्या छपरावर कललेली दोन झाडं उतरवायचीत. लहानीनं ती उतरवायची म्हणजे पोरं पास होऊन निघून जातील."

"नवा पिस्टन घालून देतो. शुक्रवारी."

"या हिवाळ्यातली ही तिसरी ना हो? लाकूडवाल्याची गेली, त्या बागवाल्याची गेली..."

"तिसरी," भाऊजी म्हणाले. मग बशी हळूच पुढे सरकवून म्हणाले, "ही पुन्हा जळाली तर मी पाटी उतरवतो."

झाडंवाली हसायला गेली आणि त्यांचा चेहरा बघून थांबली.

बुधवारी दिवसभर भाऊजी मागच्या खोलीत होते. त्यांनी सगळे सुटे करून टेबलावर वर्तमानपत्रावर मांडले. कुठे हवा ओढते का ते साबणाच्या पाण्याने पाहिले. तार तीनदा चपटी केली, तीनदा मोजली. पेट्रोलमधले तेल वहिनींच्या औषधाच्या मापाने मोजले. वहिनी चहा घेऊन गेल्या तेव्हा ते स्टुलावर हात सोडून बसले होते.

"सगळं बरोबर आहे, वहिनी. आणि तरी चुकतंय."

"शेवटचं काम कोणतं असतं?"

"शेवटचं कानाचं. कार्बोरेटरचा हा स्क्रू. सायलेन्सर मोकळा केला की ती जास्त हवा ओढते, म्हणून पेट्रोलही जास्त द्यावं लागतं. किती, ते तिच्या आवाजावरून कळतं. रिकामी जोरात पळवली की तिनं घशात गुळण्या केल्यासारखा आवाज काढला पाहिजे. लाकडात घातली की साफ. रिकामीच साफ किंचाळत असेल तर ती तहानलेली. पेट्रोलमधूनच तेल जातं ना, तेही कमी पडतं, आणि मग..." त्यांनी जळालेल्या पिस्टनकडे बोट केले. "लोक मीटर लावतात. मीटर वेग सांगतो, तहान नाही सांगत. ती ऐकावी लागते. आणि गुळण्या ओळखायला मी चुकत नाही, इतका काही मी म्हातारा झालेलो नाही."

गुळण्या. वहिनी चहाचा कप हातात तसाच धरून उभ्या राहिल्या. तो शब्द त्यांच्या ओळखीचा होता, आणि भाऊजींच्या तोंडून ओळखीचा नव्हता.

दुपारी त्यांनी कपाटातल्या वह्या काढल्या. यंत्राच्या आवाजाची नोंद त्यांनी पहिल्या दिवसापासून ठेवली होती, ती प्रेमाने नव्हे. कधीतरी भाऊजींशी कडाक्याचे भांडण होईल आणि तेव्हा पुरावा हाताशी असावा, एवढ्यासाठी. भांडण काही झाले नाही, नोंदी मात्र होत राहिल्या. वहिनी शिकल्या त्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगत, काय वाटले ते लिहू नका मुलींनो, काय झाले ते लिहा. त्याच सिस्टर गाण्याच्या तासाला पियानोजवळ पट्टी घेऊन बसत आणि अर्धा सूर हलला की बोटांवर पट्टी बसे. वहिनींचा सूर हलत नसे. आवाज जसा होता तसाच त्या लिहीत.

"यंत्राने आज पाऊण तास गुळण्या केल्या. मला दोनदा कापूस घालावा लागला." "पुन्हा गुळण्या, जणू यंत्राचा घसा बसला आहे." "गुळण्या, दुपारची झोप गेली." वह्याच्या वह्या गुळण्यांनी भरल्या होत्या. वाचत वाचत वहिनी गेल्या ऑगस्टपर्यंत आल्या आणि तिथे शब्द बदलला. "किंचाळले." "शिट्टीसारखे." ऑगस्टपासून मार्चपर्यंत गुळण्या फक्त दोनदा. लाकूडवाल्याच्या करवतीचा दिवस शोधला: शिट्टी. बागवाल्याचा: शिट्टी. आणि मंगळवार तर कालच लिहिला होता.

वहिनी मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. भाऊजी पाठमोरे होते.

"भाऊजी," त्या नेहमीच्या आवाजात म्हणाल्या.

उत्तर नाही.

"भाऊजी, गरम चहा आणलाय. बिस्किटंही आहेत."

बिस्किटांनाही उत्तर नाही. वहिनींनी पुढे होऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. भाऊजी दचकले.

"कधी आलात?"

"भाऊजी, खरं सांगा. आत्ता या खोलीत तुम्हाला काय ऐकू येतंय?"

"काय म्हणजे? तेच. गुळण्या. नेहमीच्याच." आणि बोलता बोलता त्यांची नजर टेबलावर गेली. करवत वर्तमानपत्रावर सुटी पडली होती. सिलेंडर एकीकडे, पिस्टन दुसरीकडे, प्लग चहाच्या बशीत.

त्यांनी बशीतला प्लग उचलला आणि परत ठेवला.

"म्हणजे माझ्या कानातच," ते शेवटी म्हणाले. "ती साफ किंचाळत असते आणि मला वाटतं अजून गुळण्या आहेत. म्हणून मी स्क्रू आणखी आवळतो. कधीपासून हो हे?"

"माझ्या वहीत ऑगस्टपासून."

"तुमच्या वहीत!" ते खिन्नपणे हसले. "मग शनिवारची कशाला वाट बघायची? उद्याच उतरवतो पाटी."

"स्क्रू फिरवणारा हात तर कापत नाही ना?"

"हाताला काय धाड भरलीये?"

"मग हात तुमचा, कान माझे."

"तुमचे? वहिनी, नऊ वर्षं तुम्ही या आवाजाला नावं ठेवलीत!"

"नावं ठेवायला आधी नीट ऐकावं लागतं," वहिनी म्हणाल्या. "घ्या, चहा निवला."

शुक्रवारी करवत जोडून झाली. वहिनी स्वयंपाकघराच्या खिडकीत, मोरीजवळ उभ्या राहिल्या, कारण इतकी वर्षे त्यांनी ती तिथूनच ऐकली होती. काचही लावली होती, नेहमीसारखी. आधी मात्र एक अट घातली. भाऊजींनी दोन्ही कानांवर जाड टोप्या घालायच्या, ज्या त्यांनी कधी खोक्यातून बाहेर काढल्या नव्हत्या.

"कान झाकून मिस्त्री! लोक हसतील."

"लोक नाहीत, मी आहे. आणि मी परवापासून हसतेच आहे. घाला."

भाऊजींनी यंत्राची दोरी ओढली. करवत सुरू झाली, आणि पूर्ण जोर दिल्यावर किंचाळली. वहिनींनी काचेआडून तळहात वर केला. भाऊजींनी स्क्रू जरासा सैल केला. तळहात वरच. आणखी जरा. अजून वरच. ते आता काळजीत पडले. त्यांच्या कानात कधीच्याच गुळण्या चालू होत्या. मान हलवून ते ओरडले, "फार होतंय, वहिनी! गुदमरेल ती!"

वहिनींचा हात हलला नाही. सिस्टर पियानोवर बसून असाच हात धरत, आणि सगळा वर्ग श्वास रोखून त्या हाताकडे बघे. भाऊजींनी डोळे मिटून स्क्रू आणखी थोडा फिरवला. किंचाळी फाटली, जाड झाली, घशात उतरली. वहिनींनी हात खाली केला.

मग भाऊजींनी लाकडाच्या ओंडक्यात करवत घातली. गुळण्या थांबल्या, आवाज मोकळा झाला. बाहेर काढली, पुन्हा गुळण्या. वहिनींनी खिडकीतून मान डोलावली, आणि लगेच कानात कापूस घातला, कारण आवाज बरोबर असला तरी तो आवाजच होता.

शनिवारी पाच वाजता झाडंवाली आली. केसांत भुसा, शर्टावर भुसा. तिने करवत टेबलावर ठेवली, भाऊजींनी सायलेन्सर सोडवला आणि भोकातून बॅटरीचा उजेड आत टाकला. पाहायला त्यांनी नको तितका वेळ घेतला.

"अहो, बोला की," झाडंवाली म्हणाली. "माझा जीव टांगणीला लागलाय."

भाऊजींनी बॅटरी तिच्या हातात दिली. तिने एक डोळा मिटून आत पाहिले. पिस्टन आरशासारखा होता.

"दोन्ही झाडं उतरली, शाळेचं एक कौल हललं नाही," ती म्हणाली. "काय केलंत तरी काय या वेळी?"

"मी काही केलं नाही. नवीन मिस्त्री ठेवलाय," भाऊजी म्हणाले आणि त्यांनी वहिनींकडे बोट केले. "कडक आहे. कान झाकायला लावतो."

"वहिनी? ज्या मला दर वेळी दारातच म्हणतात, हे कारटं घरात सुरू करू नका?"

"अजूनही तेच म्हणते," वहिनी म्हणाल्या. "आणि तो भुसा झटकून मग खुर्चीवर बसा."

झाडंवाली बाहेर जाऊन झटकून आली. पाटी जागच्या जागी होती. जाताना तिने आणखी एक जुनी करवत मागच्या दाराशी ठेवली, आणि भाऊजी लगेच ती उघडायला बसले. थोड्या वेळाने ते स्वयंपाकघराच्या दारात आले, एक काळी, तेलकट, बोटभर दोरी हातात धरून.

"वहिनी, ते आकसण्याचं... तसं काही नसतं."

"मला ठाऊक आहे, भाऊजी."

संध्याकाळी वहिनींनी वही उघडली.

"शनिवार, १८ मार्च. दिवसभर स्वच्छ. दूध दीड लिटर. भाऊजींसाठी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतली, सोमवार, साडेदहा. जेवले, दोनदा वाढून घेतले. कपड्यांची नवी दोरी आणली, बारा हात. दहा हात बांधली, दोन हात भाऊजींना कापून दिली."