दुधी, विळी आणि जुईची नस

ग्रहणात विळी धरली म्हणून माझी पोरगी गेली, असं ज्यांना अजून वाटतं, त्यांनी हे शेवटपर्यंत वाचा. मग माझ्या तोंडावर येऊन बोला.

आज जुईला जाऊन वर्ष झालं.
चार महिन्यांची होती.

ग्रहण लागलं तेव्हा मला सातवा महिना. पोटुशीने ग्रहणात काही चिरायचं नाही, गप बसायचं. पण शेतावर माणसं लावलेली. त्यांना काय उपाशी ठेवू? मी दुधी चिरला.

झालं! पोरगी गेली आणि सगळ्या गावाला तो दुधी आठवला.

जुईला दूध पिताना दरदरून घाम फुटायचा. दोन घोट प्यायली की कळवळून रडायची.
आम्ही नजर काढत बसलो. मीठ-मोहऱ्या. तीन आठवडे.
ती चूक माझी. ती मी कबूल करते.
दुधीची नाही करणार.

मग मुरबाडवरून कल्याण, तिथून मुंबई. हृदयाचा इको काढला. डॉक्टर मॅडमनी फाइलच्या पाठीवर पेनाने हृदय काढून दाखवलं.

"पोटात असताना बाळाच्या हृदयावर आधी बारीक नसांचं जाळं तयार होतं. ते वाढत वाढत अंगभर रक्त नेणाऱ्या मोठ्या नसेला जोडलं जातं. हिच्या जाळ्याची डावी बाजू फुप्फुसाकडे जाणाऱ्या नसेला जोडली गेलीय. म्हणून हृदयालाच रक्त पुरत नाहीये."

"कधी झालं हे?"

"पहिल्या दोन-अडीच महिन्यांत."

"मॅडम, ग्रहण सातव्यात होतं."

"त्याचा काय संबंध?"

मी तिथेच हमसून हमसून रडले.

ऑपरेशनची तारीख मिळाली होती. जुई तोवर थांबली नाही.

आज सकाळी फोटोला हार घातला. धाकटी जाऊ शेजारी येऊन बसली, तिला पाचवा चालू आहे. चुलतसासूबाई लगेच कडाडल्या, "ऊठ गो तिथून! हिची सावली नको तुला."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात आमच्या सासूबाई बोलल्या. वर्षभर या विषयावर एक शब्द न बोललेल्या.

"माझा थोरला पोटात होता तवा मीपण ग्रहणात विळी धरलेली. कोणाला बोलले नाय. हा बघा, कसा रेड्यासारखा उभा हाय."

थोरला म्हणजे माझा नवरा. तो दारात चहा पीत उभा होता.

"मग वर्षभर गप का राहिलात, आई?" मी ओरडलेच.

"भ्याले गो."

राग आला. अजून आहे. पण त्यांनी माझा हात धरला, तो मी सोडवला नाही.
जाऊ जागची हलली नाही.

पोस्ट वाचणाऱ्या आयांनो, बाळाला दूध पिताना घाम येत असेल तर मोहऱ्या डब्यात ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा.

जुई, तुझं काही चुकलं नव्हतं. माझ्या विळीचंही नाही.
आईने मान खाली घालणं आजपासून बंद केलंय.
ताठ मानेने तुला श्रद्धांजली, बाळा.