दातांनी फाडलेली पाकिटं

उबाल्दो आर्गुमेदो गेला तेव्हा शेजारपाजारचे लोक रोसेन्दोला म्हणाले, "तुमची तर जुनी ओळख." रोसेन्दोने मान हलवली, आणि घरी येईपर्यंत त्या मान हलवण्याची त्याला लाज वाटत राहिली. चार वर्षांत दोन भेटी. दोन्ही मिळून दोन तास झाले नसतील. त्या माणसाचा जीव कशात होता, झावळ्यांचं छप्पर शाकारताना पडून तो लुळा झाला त्या दिवशी नक्की काय झालं, यातलं रोसेन्दोला काहीच माहीत नव्हतं. माहीत होती ती फक्त त्याची रिकामी पाकिटं.

रोसेन्दो लोरिका गावात सरकारी आरोग्य विम्याच्या खिडकीवर बसायचा. कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसांना लघवी काढायच्या नळ्या, एनिमाच्या पिशव्या, हातमोजे तिथून मिळत. नळी एकदा वापरून टाकायची. दिवसाला सहा, महिन्याला एकशे ऐंशी. एका वर्षी बसथांब्यावरच्या टपरीत विम्याचा शिक्का असलेल्या नळ्या विकायला सापडल्या आणि तेव्हापासून नियम झाला: आधी रिकामी पाकिटं आणा, मग नवीन न्या. पाकिटं तपासायचं काम रोसेन्दोकडे आलं, आणि ते त्याच्या स्वभावाला मानवलं. बायको म्हणायची, या माणसाला देवाने प्रसाद दिला तरी हा आधी वास घेऊन बघेल.

उबाल्दोला हे सामान सुखासुखी मिळालेलं नव्हतं. विम्याने दोनदा नाही म्हटल्यावर त्याच्या विधवा बहिणीने, नूबियाने, न्यायाधीशाकडे अर्ज करून हुकूम आणला होता. हुकुमात लिहिलं होतं की रुग्ण घराबाहेर पडू शकत नाही, सबब सर्व सामान विम्याने द्यावे. त्या एका वाक्यावर सगळं उभं होतं. वरचे साहेब असल्या हुकुमांत भोक शोधायला टपलेलेच असत. वाक्य खोटं ठरलं की नळ्या बंद.

पाकिटं नूबिया आणायची, पिठाच्या जुन्या पोत्यात. लोरिकात खिडकीमागे बसलेल्या कोणालाही डॉक्टर म्हणतात, पण नूबियाच्या तोंडी ती शिवी वाटे.

"मोजा, डॉक्टर. भावाचं मूतही आणायला हवं होतं का? सांगा, पुढच्या वेळी बाटलीत आणते."

रोसेन्दो खाली मान घालून मोजत राही. चौथ्या वर्षी, पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला, मोजता मोजता त्याचा हात थांबला. काही पाकिटं नेहमीसारखी पात्याने सरळ कापलेली होती. पण साठ-एक पाकिटांचा कोपरा वेडावाकडा फाटलेला होता आणि त्यावर दातांचे बारीक वण होते. त्याने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. पाकिटं उघडणारी माणसं दोन होती तर! म्हणजे दुसरा कोणीतरी नळ्या वापरत होता. किंवा विकत घेत होता.

साहेबांना त्याने सांगितलं नाही. आधी खात्री, मग बोभाटा. तपासणीचा छापील कागद खिशात घालून बुधवारी सकाळी तो न कळवता नदीकाठच्या त्या वस्तीत गेला.

नूबिया दारातच उभी राहिली. "आत्ता नाही भेटता येणार."

"का?"

"बुधवार आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार त्याचं पोट साफ करायचं असतं. एनिमा घेऊन बसलाय मागे. दोन तास लागतात. बघायचंय का तुम्हाला?"

यावर कोणता सभ्य माणूस हो म्हणेल? तेच तिला ठाऊक होतं. रोसेन्दो म्हणाला, "थांबतो."

"थांबा. कॉफी घ्या. बिनसाखरेची आहे, साखर विमा देत नाही."

तो परसात बाकावर बसला. मागच्या खोलीतून आवाज नाही, पाणी पडल्याचं नाही, कण्हणं नाही. नूबिया मधूनच त्या दाराशी जाऊन मोठ्याने म्हणायची, "झालं का रे?" आणि स्वतःच म्हणायची, "नाही अजून." रोसेन्दोची नजर परसाच्या टोकाला गेली. केळीच्या आडोशाला, पाण्याच्या अगदी काठावर, चाकांची खुर्ची उभी होती. रिकामी. शेजारी खुंटाला दोराचं ओलं टोक, आणि होडी नाही.

तो गार झालेली कॉफी पीत राहिला. नूबियानेही त्याची नजर कुठे गेली ते पाहिलं, आणि तिची बडबड थांबली.

अर्ध्या तासाने होडी आली. होडीच्या मध्यभागी पाय कापून टाकलेली प्लास्टिकची खुर्ची बसवलेली होती आणि तीत एक रुंद खांद्यांचा माणूस पट्ट्याने बांधलेला होता. पायाशी जाळं, दहाबारा बोकाचिको मासे, आणि खुर्चीखाली झाकणाचा पत्र्याचा डबा. काठाला लागल्यावर तो फळीवरून हातांच्या जोरावर सरपटत वर आला. रोसेन्दो दोनदा पुढे झाला, दोनदा मागे आला. धरावं कुठे ते त्याला कळेना.

"तू विम्याचा," उबाल्दो धापा टाकत म्हणाला.

"हो."

"टपरीवर विकतो असं वाटलं?"

"दातांचे वण होते पाकिटांवर."

उबाल्दोने आधी बहिणीकडे पाहिलं, मग डब्याकडे. "एका हातात जाळ्याचा दोर असतो. तो सोडला तर जाळं जातं. मग दात नाहीतर काय वापरू?" तो पुढे म्हणाला, "या नळ्या नव्हत्या तेव्हा दोन वर्षं खाटेवर ओला पडून होतो, डॉक्टर. आता नळ्यांचा डबा बरोबर घेतला की दुपारपर्यंत कोणाची गरज नाही."

"हुकुमात लिहिलंय, घराबाहेर पडू शकत नाही."

"दर पावसाळ्यात ही नदी माझ्या घरात येते. चूल बुडवून जाते. मी तिच्याकडे गेलो तर ते घराबाहेर कसं?"

रोसेन्दोला हसू आलं नाही. हा माणूस गोड बोलून गुंडाळतोय, असंच त्याला वाटलं. त्याने कागद काढला. एक प्रश्न होता: रुग्ण घरी आढळला का? पेन बराच वेळ तिथे टेकून राहिलं. शेवटी त्याने लिहिलं, 'परसात आढळला.' खाली सही केली.

नूबियाने चार मासे दोरीत ओवून पुढे केले. रोसेन्दो दचकून मागे सरला. "नको. अजिबात नको."

"विष नाही घातलेलं," ती म्हणाली.

निघताना तो तिच्याकडे न बघता पुटपुटला, "पाकिटं सगळी पात्यानेच कापलेली बरी दिसतात."

पुढच्या महिन्यापासून प्रत्येक पाकीट सरळ कापलेलं येऊ लागलं. त्यानेही रोसेन्दोला चैन पडेना. आपल्या बोलण्याने उबाल्दो घाबरून घरात बसला, की होडीत पातं ठेवू लागला, की फाटलेली पाकिटं नूबिया घरी बसून नीट कापते? पोत्याला मासळीचा वास येतो का, हेही त्याने एकदा दार लावून पाहिलं. पिठाचा येत होता. विचारायचं मात्र धाडस झालं नाही.

दुसरी भेट त्यानंतर सात महिन्यांनी. नूबिया तापाने पडली होती म्हणून उबाल्दो स्वतः तीनचाकी रिक्षात बसून आला आणि रस्त्यावरूनच पोतं खिडकीत सरकवलं. रांगेत माणसं होती. बाजूच्या टेबलावर साहेब होते. रोसेन्दोने मोजलं, पुन्हा मोजलं.

"दोन कमी आहेत," तो हळूच म्हणाला.

"पाण्यात पडली."

रोसेन्दोने साहेबांकडे पाहिलं. साहेब फोनवर होते. त्याने एकशे ऐंशी नळ्यांचं खोकं पुढे सरकवलं.

"पुढच्या वेळी नीट आण," तो म्हणाला.

"आणतो. बहिणीला काय सांगू?"

"कॉफीत साखर घाल म्हणावं."