खाली वखार, वर शिवणकाम

मारुतीरावांनी निपाणीत स्टँडमागं दोन मजली शॉपिंग सेंटर उठवलं, ते साल अठ्ठ्याहत्तर. फीत कापली, पेढे वाटले. जुना बाजार सोडून इथं जिना चढायला गिऱ्हाईक येईल का, एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

वरचा कोपऱ्यातला गाळा तानीबाईनं घेतला. बारा वर्षं तोंडाला फडकं बांधून तिनं वखारीत तंबाखू चाळली होती. शिवण शिकून एक दिवस ती तिथून उठली आणि पुन्हा वखारीचं तोंड बघणार नाही, अशी खूणगाठ बांधली. बौद्ध लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. त्या साडीवरचा ब्लाउज शिवावा तो तानीबाईनंच, असं तिचं नाव झालं. तेवढ्यासाठी बायका धापा टाकत जिना चढायच्या.

बाकीच्या दुकानांत माशा मारायची पाळी आली. एकेक शटर खाली आलं. शेवटी त्र्याऐंशी साली मारुतीरावांनी खालचे सगळे गाळे वखारीला दिले. शोकेस निघाल्या, तंबाखूची पोती छतापर्यंत लागली, चाळताना बारीक धूळ, खकाणा उडू लागला. तानीबाई तावातावानं मालकाकडं गेली.

"मालक, खकाणा वर येतोय. माझं कापड पांढरं हाय!"

"मग खिडक्या लावून घे की," मारुतीराव म्हणाले.

वा रे अक्कल! खकाणा काय दार वाजवून येतो? तरी तिनं खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या आणि ऐन वैशाखात घामानं निथळत मशीन चालवलं. शिवलेला कपडा लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा. डाग म्हणून पडू दिला नाही.

त्याच वैशाखात गंगव्वा लेकीला घेऊन तिचा ब्लाउज न्यायला आली. गंगव्वा वखारीतली जुनी जोडीदारीण, अजून तिथंच कामाला. लेक सुला मॅट्रिक झालेली. सुलानं पिशवी उघडली आणि तोंड फिरवलं.

"आई, ह्याला तुज्या अंगाचा वास येतोय गं. मी न्हाय घालणार."

गंगव्वानं ब्लाउज हुंगला. तानीबाईनं हिसकावून घेतला, नाकाला लावला, उलटा करून पुन्हा लावला. तिला नुसता नव्या कापडाचा वास आला. तिनं गंगव्वाकडं बघितलं.

"ऱ्हाऊ दे तानीआक्का," गंगव्वा म्हणाली, "आपल्याला कसला कळतोय त्यो वास!"

वखार सोडून तानीबाईला पाच वर्षं झाली होती.