बोटीतला कार्ब्युरेटर

बायकोचा वाढदिवस दरवर्षी विसरणारा, पण तीस वर्षांपूर्वी उघडलेल्या कार्ब्युरेटरची खोड न विसरणारा माणूस साऱ्या सोलापुरात एकच आहे आणि तो माझा सासरा आहे. हे मी अभिमानानं सांगतो. सासूबाई हेच वाक्य वेगळ्या सुरात सांगतात. शुक्रवार पेठेत त्यांचं स्कूटरदुरुस्तीचं दुकान. दुकान कसलं, दोन माणसं आत गेली की तिसऱ्यानं रस्त्यावरून बोलायचं. घराणं मूळचं कर्नाटकाच्या सीमेवरच्या दुधनीचं, त्यामुळे मामा, म्हणजे आमचे सासरे, गिऱ्हाइकाशी मराठीत बोलतात आणि यंत्राशी कानडीत. कार्ब्युरेटरचा स्क्रू पूर्ण आवळून मग दीड आटा मागे सोडायचा असतो, तेव्हा ते डोळे मिटून ‘ओंदू... ओंदूवरे’ असं पुटपुटतात. दीड मराठीत मोजलं तर काय बिघडतं, असं मी एकदा विचारलं. “इंजिनला सवय हाय की,” ते म्हणाले.

आमच्या लग्नात त्यांनी दोनशे पत्रिका जास्त छापून घेतल्या. मला वाटलं, एकुलत्या एका लेकीची हौस. पुढं कळलं की त्या पत्रिकेचा जाड कागद त्यांना गॅस्केटसाठी, म्हणजे सांध्यातून पेट्रोल गळू नये म्हणून मध्ये घालायच्या पट्टीसाठी, फार पसंत पडला होता. निम्म्या पेठेच्या स्कूटरी आमच्या शुभमुहूर्तावर धावल्या. एका गाडीतून माझं अर्धं नाव बाहेर निघालेलं मी स्वतः पाहिलंय, आणि ते आडनावापेक्षा जास्त टिकलं होतं.

त्यांचा एक नियम मात्र कधी मोडला नाही. दुरुस्त केलेल्या गाडीवर आधी आपण बसायचं, मग गिऱ्हाइकानं. आणि त्यांना भीती एकाच गोष्टीची, पाण्याची. तलावाच्या काठावर गेले तरी ते चार पावलं मागे उभे राहतात. सोलापुरात हे खपून जातं. जिथं नळ चार-चार दिवसांनी येतो, तिथं पाण्याला भिणारा माणूस कुणाच्या लक्षात येत नाही.

मग नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला आणि दुकानात चहा पिणारेच तेवढे उरले. माझ्या मेव्हण्याला त्या जागी मोबाइलचं दुकान टाकायचं होतं. पोरगा वाईट नाही. रविवारच्या जेवणात एकदाच विषय काढायचा, पण प्रत्येक रविवारी काढायचा. अशाच एका रविवारी उजनी धरणाच्या फुगवट्यावरची एक मावशी फडक्यात कार्ब्युरेटर बांधून आली. नवऱ्यामागं होडी तीच चालवत होती. मासे त्या होडीवर आणि हिवाळ्यात पक्षी बघायला येणारे पाहुणेही त्याच होडीवर. इंजिन सुरू व्हायचं, गुदमरायचं आणि बंद पडायचं. हा कार्ब्युरेटर कुणाचा, यावर तीन मिस्त्र्यांनी तीन कंपन्यांची नावं सांगितली होती, चौथ्यानं भंगारवाल्याचं.

“समदे टाकून द्या म्हनत्यात मामा,” ती म्हणाली. “तुमी येकदा हात लावा.”

निळ्या रंगाचे थरावर थर चढलेला तो गोळा बघून मेव्हणा हसला. मामांना ते लागलं. हे इंजिन चाललं तर दुकानाचा विषय परत काढायचा नाही, नाही चाललं तर किल्ली तुझी, असं त्यांनी ताटावरूनच जाहीर केलं. सासूबाईंनी वाढता हात थांबवला.

दोन दिवस त्यांनी तो उघडलाच नाही. वास घेतला, त्याच्या तोंडात बोट घालून माप घेतलं, जवळ घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी रॉकेलमध्ये भिजवून रंग खरवडला आणि म्हणाले, “हा बोटीचा नव्हेच की. स्कूटरचा हाय. कुणीतरी आणून बसवलाय.” आत पेट्रोलवर तरंगणारी एक पोकळ पितळी डबी असते. ती त्यांनी कानाशी हलवली आणि मग माझ्या कानाशी. मला काही ऐकू आलं नाही, पण जावई असल्यामुळे मी मान हलवली. डबीत पेट्रोल शिरलं होतं. अंगणात सासूबाईंच्या चहाच्या पातेल्यात गरम पाणी घेऊन त्यांनी ती बुडवली, तर सुईच्या टोकाएवढ्या भोकातून बुडबुडे येऊ लागले. डबी रिकामी करून, वाळवून त्यांनी ते भोक डाग देऊन बुजवलं. मग कपाट उघडून आमच्या लग्नाची उरलेली शेवटची पत्रिका काढली. कात्री माझ्या बायकोनंच आणून दिली.

फुगवट्यावर कार्ब्युरेटर बसवून झाला तेव्हा मावशी म्हणाली, मामांनी काठावरच थांबावं, ती फिरवून आणते. मामांनी पाण्याकडे पाहिलं. नियम तो नियम, एवढंच म्हणून त्यांनी माझा हात धरला. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण त्यांनी माझा हात धरायची ती पहिली वेळ. होडी मध्यावर गेली आणि इंजिन खोकून बंद पडलं. चारी बाजूंना पाणीच पाणी. मामांचा चेहरा पिठासारखा झाला होता. पण स्क्रूला दोन्ही हात लागतात, म्हणून त्यांनी माझा हात सोडला, डोळे मिटले आणि हलत्या होडीत वाकून मोजलं, ‘ओंदू... ओंदूवरे.’ थोडं थांबून आणखी किंचित सोडला. मावशीनं दोरी ओढली. इंजिन जे लागलं ते काठ येईपर्यंत एका सुरात वाजत राहिलं. मला त्या माणसाचा इतका अभिमान वाटला की मी पाण्याकडे तोंड फिरवलं.

पुढच्या रविवारी मेव्हण्यानं विषय काढला नाही. जेवण झाल्यावर मामांनीच किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवली. तो गोंधळला, तुम्ही तर जिंकलात, म्हणाला.

“म्हणूनच देतोय की,” मामा म्हणाले. “हरून दिली असती तर जीव तिथंच राहिला असता.”

आता तिथं मोबाइलची कव्हरं लटकतात. मामा घरी असतात, पेपर वाचतात, नळ आला की उठून बादल्या लावतात. दोन-चार दिवसांनी सकाळी मावशीचा फोन येतो. ती फारसं बोलत नाही, फोन नुसता इंजिनाजवळ धरते. मामा डोळे मिटून ऐकतात. तेवढा वेळ घरातला मिक्सरसुद्धा बंद असतो. मग ते “बरं हाय” म्हणतात आणि फोन बंद झाल्यावरही जरा वेळ तसाच कानाला धरून ठेवतात.