हणमंतप्पांचा बिनचौकशीचा पाहुणा

हणमंतप्पा माझे सख्खे मामा, त्यामुळे त्यांच्याबद्दल खरं बोलायची मुभा मला आहे. मुरुम गावच्या बाजारात त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि दुकानाच्या अर्ध्या भागात समाजाचं वधू-वर सूचक केंद्र. कापड मामी विकते. मामा सोयरिकी जुळवतात.

स्थळ आलं की मामांची चौकशी सुरू होते. मुलाचं गाव कोणतं, आजोळ कुठलं, दाखवलेली जमीन त्याची की चुलत्याची. एका नवरदेवाच्या केसांचा संशय आला, तर मामांनी त्याला आग्रह करकरून पंख्याखाली बसवलं आणि पंखा फुल केला. टोप उडाला आणि ते लग्न अर्थातच मोडलं.

असा हा चिकित्सक माणूस. एका दुपारी पत्रिका जुळवायची फुकट साइट शोधताना त्यांच्या कॉम्प्युटरवर लाल चौकट उघडली. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये हेर घुसलेत, 'स्पाय रक्षक' ताबडतोब बसवा. मामांनी बसवला. गाव विचारलं नाही, आजोळ विचारलं नाही.

तेव्हापासून रक्षक ऊठसूट भोंगा वाजवून नवे हेर सापडल्याचं सांगू लागला. मामा खूश. कॉम्प्युटरचं मूळचं संरक्षण गुपचूप काम करायचं, म्हणून मामा त्याला ऐतखाऊ समजायचे. रक्षकानं ते बंद पाडलं तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही. मशीन इतकं मंदावलं की एक बायोडाटा उघडेपर्यंत पाहुण्यांचा चहा पिऊन व्हायचा. "तपासणी कडक हाय आपल्याकडं," मामा सांगायचे.

मग चौकटीत एक फोन नंबर आला, मामांनी तो लावला आणि पलीकडच्या गोड हिंदी बोलणाऱ्या साहेबांना कॉम्प्युटरचा ताबा देऊन टाकला. साहेब आत शिरून पोरींचे बायोडाटे उघडत होते आणि मामा समोर हात जोडून बसले होते. हे मला त्यांनीच सांगितलं, तेही कौतुकानं.

दिवाळीच्या सुटीत मी दुकानात होते, तेव्हा सास्तूरच्या राजेश्वरीचा फोन आला. तिचं नाव केंद्रात नोंदवलेलं होतं. आईच्या मोबाईलवरून दबक्या आवाजात बोलत होती.

"ताई, कोण कोण माणसं फोन करायलेत. घाण बोलतेत. आमचे अप्पा म्हणतेत, तूच नंबर वाटला असशील. मोबाईल काढून घेतला, कॉलेज बी बंद केलं. पण ताई, त्यातल्या एकाला माझी जन्मवेळ ठाव होती."

जन्मवेळ फक्त बायोडाट्यात असते. माझं डोकंच फिरलं. मी आधी इंटरनेटची वायर उपटली आणि मामांना खुर्चीत बसवलं.

"मामा, या रक्षकाला बोलावलं कुणी?"

"आपणहून आला."

"कंपनी कोणती, गाव कोणतं?" मी त्याची माहिती उघडली. बनवणाऱ्याच्या जागी 'अज्ञात'.

मामांनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं.

मी रक्षकाला तपासणी करायला लावली. क्षणात ढीगभर हेर. लगेच दुसऱ्यांदा लावली, तर आधीचे सगळे गायब आणि वेगळेच हजर. चौकट बंद करू म्हटलं तर बंद होईना, उलट पैसे भरून पूर्ण रक्षक घ्या म्हणून मागे लागली.

"घरात पाऊल टाकल्या टाकल्या खोट काढणारा, गाव लपवणारा, घाई करणारा नवरदेव आला तर काय करता?"

"दारातल्या चपला दाखवतो," मामा पुटपुटले.

मग आम्ही त्या पाहुण्याला चपला दाखवल्या. कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये चालू केला, प्रोग्रॅमच्या यादीतून रक्षक काढला. निघताना त्यानं धमकी दिली, मला काढाल तर सर्वनाश होईल. मामांनी माऊस सोडून दिला. बटण मी दाबलं. साहेबांनी ताबा घ्यायला बसवलेला प्रोग्रॅमही काढला, मूळचं संरक्षण चालू करून सगळं तपासलं आणि माझ्या मोबाईलवरून पासवर्ड बदलले.

"झालं. मिटलं," मामा म्हणाले.

"राजेश्वरीचं?"

"तिच्या बापाला काय सांगू? केंद्राचं नाव जाईल. अन् पोरीनं बी कुणाला नंबर दिला नसंल कशावरून?"

मला त्या क्षणी त्यांची लाज वाटली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांचे टोप उडवणारा माणूस स्वतःचं झाकायला एका पोरीचं नाव पुढे करत होता. मी तसं तोंडावर सांगितलं. मामी कापड मोजायचं थांबली. "गाडी काढा," तिनं मामांना एवढंच म्हटलं.

सास्तूरला राजेश्वरीच्या वडिलांच्या, मल्लेशप्पांच्या ओसरीवर चार माणसं बसलेली. मामांनी मोठ्यानं घसा खाकरला आणि कॉम्प्युटरवर झालेल्या हल्ल्याची कथा सुरू केली. हल्ला लई मोठा होता, भल्याभल्यांचं काय चाललं नसतं, वगैरे. मी मध्येच म्हटलं, "मामा, दार कुणी उघडलं ते सांगा."

"म्या उघडलं," मामा म्हणाले. "नंबर माझ्याकडनं गेला. पोरीची काय चूक न्हाय."

मल्लेशप्पा आमच्याकडे पाहतच राहिले. "मग तिनं दिला नव्हता?"

राजेश्वरी दारात उभी होती. "म्या महिनाभर तेच सांगायले न्हवं?"

ती चार माणसांमधून सरळ चालत आली आणि वडिलांच्या खिशातून आपला मोबाईल काढून घेतला.